सासूबाईंचा खुबा, पोट आणि तुमची कंबर

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वय 47, माध्यमिक शाळेत शिक्षिका. सासूबाई 76 वर्षांच्या. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, उजवा खुबा मोडला. ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वॉकर धरून चार पावलं चालल्यासुद्धा. घरी आल्यावर नणंदबाई म्हणाल्या, ‘हाड जुळेपर्यंत आईला हलवू नका’, आणि तेव्हापासून सासूबाई पलंगावरच आहेत. जेवण दोन घासांवर आलंय, पाणी तर त्या मागतच नाहीत. सहा दिवस शौचाला झालं नाही आणि आता दोन दिवस उलट पातळ होतंय, दिवसातून चार-पाचदा कपडे बदलावे लागतात. मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणली, जेवण बंद करून पेजेवर ठेवलंय. छातीत जळजळ असते. माकडहाडापाशी लालसर डाग दिसायला लागलाय. उचलून उचलून ताईंची स्वतःची कंबर धरलीय. रजा संपत आलीय. यजमानांना घरात परकी बाई नको. ताई विचारतात, ‘नोकरी सोडू का? की चोवीस तासांची नर्स ठेवू? आणि माणूस ठेवला तर मी सेवेत कमी पडले असं होईल का?’

ताई,

नोकरीचं शेवटी बोलू. तुमच्या पत्रात मध्येच, घाईत लिहिल्यासारखं एक वाक्य आहे : सहा दिवस झालं नाही, आता पातळ होतंय. मी तिथेच थांबले. बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल, आधी एवढं करा. जुलाब थांबवायची ती गोळी आता देऊ नका, आणि आज-उद्याकडे डॉक्टरांना घरी बोलवा किंवा सासूबाईंना दाखवायला न्या.

कारण सांगते. अंथरुणाला धरलेल्या, आठवडाभर पोट साफ न झालेल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक पातळ व्हायला लागलं, तर तो जुलाब आहे असं धरून चालायचं नसतं. मोरीच्या तोंडाशी बोळा अडकला की पाणी जसं कडेकडेने झिरपत राहतं, तसं हे असतं. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटी वाळलेल्या शौचाचा घट्ट खडा बसलेला असतो आणि वरचा पातळ भाग त्याच्या बाजूने सुटत राहतो. थोडं थोडं होतं, वारंवार होतं, पेशंटला कळतही नाही. घरच्यांना दिसतं ते फक्त खराब झालेलं पातळ. मग थांबवायची गोळी दिली जाते, आतडं आणखी मंद होतं, खडा आणखी घट्ट बसतो. मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते, तिथे नव्या सिस्टरला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. डिस्चार्ज कार्डावर मात्र ते कधीच लिहिलेलं नसतं, याचा मला नेहमी राग येतो.

खडा आहे की नाही, हे डॉक्टर किंवा अनुभवी नर्स हातमोजा घालून बोटाने तपासून मिनिटभरात सांगू शकतात. असला तर ग्लिसरीनची बत्ती, एनिमा, तोंडावाटे औषध, जे लागेल ते ठरवतील. नसला, आणि हे खरेच जुलाब असले, तर तेही कळायला हवं. ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिक दिलेली असतात आणि त्यांच्यामुळेही नंतर जुलाब होतात. त्या जुलाबातही विचारल्याशिवाय थांबवायची गोळी देत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी मेडिकलवाल्याची गोळी चुकीचीच. घरी साबणाची कांडी घालणं, स्वतः बोट घालून बघणं, ‘एकदा एरंडेल देऊन टाकू’ म्हणणं, यातलं काहीही करू नका. आतली त्वचा फार नाजूक असते, आणि तुम्ही पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत रक्त पातळ ठेवणारी गोळीही आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गाठ होऊ नये म्हणून ती साधारण महिनाभर देतात. अशा वेळी छोट्या जखमेतूनही बरंच रक्त जातं.

आता त्या फोटोकडे वळू. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी, लोहाची गोळी, कॅल्शियम, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी. ट्रॅमाडॉल आतड्याची हालचाल मंदावतं. लोहाने शौचाला घट्ट होतं, कॅल्शियमनेही होतं. त्यात दिवसभर आडवं पडणं, पाणी नाही, चोथा नाही. पोट बसणारच. सासूबाईंच्या पोटाला वेगळा आजार शोधायला जाऊ नका. खुब्याच्या दुखण्याचीच ही दुसरी बाजू आहे, आणि दोन्ही एकत्रच सुधारावं लागणार आहे.

म्हणून वेदनेची गोळी बंद करून टाकायची का? बिलकूल नाही. दुखत असेल तर त्या उठणार नाहीत, उठल्या नाहीत तर पोट हलणार नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आता महिना झाला, नुसत्या पॅरासिटामॉलवर भागेल का, आणि ट्रॅमाडॉल लागणारच असेल तर त्यासोबत रोजचं सौम्य रेचक कोणतं द्यायचं. गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने चालवायची वेळ ठेवा. वॉर्डात आम्ही फिजिओच्या वेळेआधी गोळी द्यायचो ती याचसाठी.

इसबगोलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच आहे. इसबगोल चांगलंच आहे, चालत्या-फिरत्या आणि भरपूर पाणी पिणाऱ्या माणसासाठी. जी बाई दिवसभरात दोन फुलपात्रंही पाणी पीत नाही आणि ट्रॅमाडॉल घेतेय, तिच्या आतड्यात इसबगोल फुगून तसंच अडकून बसू शकतं. तूर्त नको.

तुम्ही लिहिलंय की गुडघे दुखतात म्हणून सासूबाई गेली कित्येक वर्षं ‘ती लाल गोळी’ मेडिकलमधून आणून घेतात, अजूनही मधूनच मागतात, आणि तुम्ही देता. ती गोळी कोणती ते पाकिटावर वाचा. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यातलं काही असेल तर आजपासून बंद. या वयात या गोळ्या जठराला जखमा करतात, किडनीवर ताण आणतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती कितीतरी वाढते. म्हाताऱ्या माणसांत अशी जखम पोटात न दुखताही होते. पहिली खूण दिसते ती शौचात : काळी, डांबरासारखी चिकट, उग्र वासाची. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट-हिरवट होते, पण ती सहसा चिकट नसते. शंका आली तर घरी ठरवत बसू नका, सरळ दवाखाना.

छातीतल्या जळजळीचा धागा मला त्या आठवड्याच्या गोळीत दिसतो. कार्डावर अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम लिहिलंय. खुबा मोडल्यावर हाडं ठिसूळ झालीत हे गृहीत धरून औषध सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. एकदा असा खुबा मोडला की दुसरीकडे मोडायचा धोका बराच वाढतो, तरी आपल्याकडे पुष्कळदा ऑपरेशन झालं की हाडांचा विषय संपला असं मानलं जातं. पण ही गोळी घ्यायची रीत फार कडक आहे. सकाळी रिकाम्या पोटी, पूर्ण फुलपात्रभर साध्या पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहा, दूध, दुसरी गोळी काहीही नाही. कॅल्शियम तर तिच्याबरोबर नकोच, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. तुम्ही लिहिताय, ‘उशीला टेकून घोटभर पाण्याबरोबर देते, मग त्या झोपतात.’ तशी ही गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि आतून भाजल्यासारखी जखम करते. पुढच्या आठवड्याची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. गिळताना दुखत असेल तर ते उद्यावरही ढकलू नका. अर्धा तास ताठ बसणं जमतच नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं इंजेक्शन असतं. त्याआधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करतात. विचारून बघा.

आता नणंदबाईंकडे येऊ. त्या चुकतायत, पण त्यांच्या चुकण्याला आधार आहे. लहानपणी कुणाचा हात-पाय मोडला की प्लास्टर घालून दीड महिना गप्प पडायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जुन्या काळी मोडलेल्या खुब्यालाही पायाला वजन लटकवून महिने महिने झोपवून ठेवायचे, आणि बरीच माणसं खुब्यापेक्षा न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमांनीच जायची. सासूबाईंच्या बाबतीत मात्र तो हिशोबच लागू नाही. त्यांच्या मोडलेल्या हाडाचा वरचा गोळा डॉक्टरांनी काढून टाकलाय आणि त्या जागी धातूचा बसवलाय. जुळायला तिथे हाड राहिलेलंच नाही! म्हणूनच दवाखान्यात त्यांना दुसऱ्या दिवशी उभं केलं. जगभर आता हीच पद्धत आहे. ज्यांच्या खुब्यात रॉड किंवा स्क्रू घातलाय त्यांचं हाड जुळायचं असतं, पण त्यांनाही बहुतेक वेळा लवकरच उभं करतात. वजन किती टाकायचं ते सर्जन सांगतात. तुमच्या कार्डावर ‘पूर्ण वजन, वॉकर’ असं लिहिलंय. ती ओळ नणंदबाईंना वाचून दाखवा. तुमच्या तोंडून नको असेल तर फिजिओकडून फोनवर सांगवा.

पडून राहण्याचा हिशोब मात्र रोजच्या रोज वाढतोय. स्नायू झरझर वितळतात, फुप्फुसं नीट फुलत नाहीत, पोटऱ्यांत रक्त साकळतं, पोट बसतं, त्वचा फाटते. तुमच्या पत्रातल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी आडवं राहण्याच्याच आहेत.

तुम्ही लिहिलंय, ‘आईंची अन्नावरची वासनाच गेलीय.’ मला तसं वाटत नाही. त्याच पत्रात, दोन पानं आधी तुम्हीच लिहिलंय, ‘हे घरी आले की आई काहीच मागत नाहीत, पाणीसुद्धा नको म्हणतात.’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ज्या बाईने आयुष्यभर घरातल्या पुरुषांपासून आपली न्हाणी-मोरी आडोशाला ठेवली, तिला आज बाहेरच्या खोलीत, मुलाच्या डोळ्यांसमोर, सुनेच्या हातून बेडपॅनवर बसावं लागतंय. तिने उपाय शोधलाय : खायचं नाही, प्यायचं नाही, म्हणजे मागायची वेळच येणार नाही. वॉर्डात हे मी इतक्या आज्यांमध्ये पाहिलंय की पाण्याचा तांब्या संध्याकाळी जसाच्या तसा भरलेला दिसला की आम्ही भूक लागते का हे न विचारता ‘रात्रीच्या सिस्टरला बोलवायला लाजता का’ असं विचारायचो. बहुतेक वेळा उत्तर मिळायचं नाही, आजी पदर तोंडाला लावायच्या. तेच उत्तर.

म्हणून ‘खा, नाहीतर शक्ती कशी येणार’ असा आग्रह करण्याआधी कमोड खुर्ची आणा. सर्जिकलच्या दुकानात विकत मिळते, पुष्कळ ठिकाणी भाड्यानेही. हातांची घ्या, आणि तिची उंची अशी बघा की बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील. पलंग आतल्या खोलीत हलवा. नसेल जमत तर दोरीवर जुनी साडी लावून पडदा करा. सकाळची ती अर्ध्या तासाची वेळ मुलाने बाहेर अंगणात काढायची, हे त्याला तुम्हीच सांगा. त्या कधी सांगणार नाहीत.

इथे एक धोका आहे. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल ठेवा, गुडघे वर घ्या, पोट साफ होतं, असा सल्ला हल्ली मोबाइलवर सगळीकडे फिरतो. इतरांसाठी तो चांगला आहे. खुबा बदललेल्या माणसाला तो चालत नाही. ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर पहिले काही आठवडे मांडी आणि पोट यांच्यामधला कोन काटकोनापेक्षा लहान होऊ द्यायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो, पाऊल आत वळवायचं नसतं. नाहीतर बसवलेला गोळा जागेवरून निसटू शकतो. म्हणजे स्टूल नाही, भारतीय पद्धतीचा संडास नाही, पाटावर बसणं नाही, खाली वाकून चप्पल घालणं नाही. हे निर्बंध किती दिवस ते सर्जनला विचारून लिहून घ्या.

उठवायचं कसं, ते सांगते. तुमच्या कंबरेचं उत्तरही यातच आहे. तुम्ही ‘उचलते’ असं लिहिलंय. ताई, उचलायचं नाहीच. पलंग बुटका असेल तर आधी त्याच्या पायांखाली सुताराकडून खळगी असलेले लाकडी ठोकळे करून बसवा, सरकणार नाहीत असे. त्याने त्यांचा खुबा आणि तुमची पाठ दोन्ही वाचतील. त्यांच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, कोपरांवर जोर देऊन त्यांना स्वतःला थोडं उठू द्या, आणि कंबर न पिळता पाय आणि धड एकत्रच कडेला वळवा. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसू द्या. इतके दिवस आडवं राहिल्यावर एकदम उभं केलं की बीपी उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मग ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, दोन्ही हात गादीवर रेटून त्यांनी स्वतः उठायचं. वॉकर ओढून उठायचं नाही, वॉकर उलटतो. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात त्यांच्या कंबरेशी. काखेत हात घालून ओढू नका आणि त्यांना तुमच्या गळ्याला मिठी मारू देऊ नका, त्यातच तुमच्या मणक्याची वाट लागते. सर्जिकलच्या दुकानात कंबरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तो धरायला बरा. उभ्या राहिल्या की आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. वळताना छोटी छोटी पावलं, दुखऱ्या पायावर गिरकी नाही. कमोडची कड पोटऱ्यांना लागली की मागे हात नेऊन खुर्चीचे हात धरायचे, दुखरा पाय पुढे सरकवायचा आणि हळू बसायचं.

पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओ समोर असू द्या. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथे एकदा नेऊन तुम्ही दोघं नवरा-बायको शिकून या.

वेळ सकाळचीच धरा. काहीतरी पोटात गेलं की आतडं आपोआप जागं होतं, म्हणून गरम चहा आणि दोन घास झाले की साधारण वीस मिनिटांनी कमोडवर बसवा, झालं नाही तरी दहा मिनिटं. कुंथायला लावू नका. पहिले चार-पाच दिवस त्या वेळेला काही झालं नाही म्हणून ही वेळ सोडू नका, आतड्याला सवय लागायला वेळ लागतो. रात्री कमोड पलंगाशेजारी आणि बारीक दिवा चालू. रात्री लघवीला उठतानाच माणसं पुन्हा पडतात. अगदीच नाही जमलं तर बेडपॅन, पण एका बाजूने चपटं असतं ते मागून आणा. त्यावर कंबर उंच उचलावी लागत नाही, गुडघ्यांत उशी धरून कुशीवर वळवायचं, भांडं सरकवायचं आणि परत उताणं करायचं.

खाण्याचं. खडा आहे की नाही हे कळेपर्यंत डॉक्टर सांगतील तसं. त्यानंतर मात्र नुसती पेज लगेच बंद करा. पेजेत पाणी आणि पिष्ट सोडलं तर फारसं काही नसतं. ऑपरेशनची जखम भरायला आणि मांडीचे स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. सासूबाईंचं वजन 50 किलोच्या आसपास असेल तर दिवसाला साधारण 60 ग्रॅम, किडनीचा त्रास नसेल तर. कपभर दुधात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा, दह्याच्या वाटीत चार-पाच. बेरीज करून बघितलीत तर कळेल की दोन वेळच्या दोन-दोन घासांत हे बसत नाही. म्हणून दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं : नाचणीची आंबील ताक घालून, मुगाची आसट खिचडी वर तूप, सातूचं पीठ दुधात, मेतकूट-भात आणि दही, शेवग्याच्या शेंगांचं सार, थोडं पनीर कुस्करून. अंडं चालत असेल तर फारच सोपं काम. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पोटासाठी पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर. खाऊ घालताना पूर्ण बसवूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं नाही. ठसका लागतो तो निजून खाण्यानेच.

पाणी हृदय-किडनीचं बंधन नसेल तर दिवसाला दीड लिटर. मोजायला सोपं म्हणून लिटरची बाटली सकाळी भरून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत ती संपवून पुढची अर्धी. ताक, सार, चहा हे त्यातच धरा. आणि हो, तुम्ही लिहिलेल्या एकादशी-चतुर्थ्या. आषाढी असो की संकष्टी, तूर्त तीन-चार महिने उपास नकोत. साबुदाण्याने पोट आणखी बसेल. त्या ऐकणार नाहीत, तर भटजींच्या तोंडून सांगवा. मला यात अजून एकही भटजी नाही म्हणालेला नाही.

माकडहाडावरच्या डागाला बोटाने दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, तसाच लाल राहिला तर ती जखमेची सुरुवात आहे. त्यावर मालीश करायची नाही. स्पिरिट-पावडरची पाठ चोळणी आमच्या पिढीच्या सिस्टरांनी मनापासून केली, पण लाल झालेल्या हाडाच्या टोकावर चोळल्याने आतलं आणखी दुखावतं. रिंगसारखी गोल उशीही नको, ती भोवतीचा रक्तपुरवठाच दाबते. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांत उशी ठेवून, आणि ऑपरेशनच्या कुशीवर झोपवायचं का ते सर्जनला विचारून. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा, टाचांकडे कुणी बघतच नाही. ओलं लगेच पुसून कोरडं करा आणि झिंकचं मलम लावा. हवेची गादी भाड्याने आणलीत तरी कूस बदलणं सुटत नाही.

काही गोष्टींत डॉक्टरांना फोन-बिन करत न बसता 108 बोलवा किंवा गाडीत घाला : अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, पोटरी सुजून दुखणं, खुब्यात एकदम कळ येऊन तो पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, पोट फुगून उलट्या, आणि वायूही न सरणं, शौचातून रक्त, जखमेतून पू आणि ताप, आणि काल नीट बोलणारं माणूस आज असंबद्ध बरळायला लागणं. या शेवटच्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. ते बहुतेक वेळा लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम उतरणं, गोळ्या किंवा तुंबलेलं पोट यांतून आलेलं असतं आणि बरं होतं.

आता माणूस ठेवण्याचं. यजमानांना परकी बाई नको, हे मी समजू शकते. पण मग घरची बाई म्हणजे एकट्या तुम्हीच का, हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायला हवा. आई त्यांची आहे. रात्रीची एक पाळी, पलंगाचे ठोकळे, वॉकरचं प्रशिक्षण, दवाखान्याच्या फेऱ्या, ही सगळी मुलाने करायची कामं आहेत. कमोडला नेणं त्यांच्याकडून सासूबाईंना नको असेल, तर तेवढं सोडून बाकी सगळं. नणंदबाईंनाही नुसती सूचना करण्याऐवजी शनिवार-रविवार द्या. आईला त्यांनी एकदा स्वतः वॉकरवर चालवलं की ‘हलवू नका’ आपोआप थांबेल.

चोवीस तासांच्या नर्सची गरज मला दिसत नाही. सासूबाईंना सलाईन नाही, नळी नाही. हवी आहे ती दोन वेगवेगळ्या प्रकारची मदत. एनिमा, ड्रेसिंग, त्वचा तपासणं यासाठी शिकलेली नर्स, म्हणजे जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली, आणि ती आठवड्यातून एक-दोनदा येऊन गेली तरी पुरे. तुमच्याकडे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारलंत तर त्यांना कुणीतरी माहीत असतं. दुसरी, दिवसाच्या वेळेला एक मावशी : अंघोळ, खाणं, कमोड, चालवणं. घरी माणसं पुरवणारे ब्युरोवाले मावशीलाच ‘नर्स’ म्हणून पाठवतात आणि पैसे नर्सचे घेतात, तेवढं बघा. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. मावशी ठेवण्याआधी तिला एकच काम करून दाखवायला सांगा, पलंगावरून कमोडवर कसं नेता. ती काखेत हात घालून ओढायला लागली तर एक तर शिकवा, नाहीतर दुसरी बघा. गावातलीच ओळखीची, सासूबाईंशी चार गप्पा मारणारी मिळाली तर ती परकी राहत नाही आणि यजमानांचा विरोधही आठवड्याभरात मावळतो.

आणि सेवेत कमी पडण्याचं म्हणाल, तर पत्रभर तुम्ही ‘सेवा’ म्हणजे सासूबाईंना काही करू न देणं असं धरून चाललाय. त्यांचं तोंडही तुम्हीच पुसता, केसही तुम्हीच विंचरता. त्यांचे हात तर धड आहेत! फणी त्यांच्या हातात द्या, मेथी निवडायला द्या, गोळ्यांच्या वेळा त्यांना सांगू द्या. खुर्चीत बसून करतील, तेवढाच वेळ पलंगाबाहेर जाईल.

तुमच्या कंबरेला कळ पायात उतरत असेल, बधिरपणा असेल तर तुम्हीही दाखवून घ्या. सासूबाईंच्या फेरीतच स्वतःचा केसपेपर काढा, वेगळा दिवस तुम्ही काढणार नाही हे मला माहीत आहे. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या, ती लाल गोळीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. आणि शौचाचा, पाण्याचा, चालण्याचा हिशोब आजपासून वहीत लिहायला घ्या. शिक्षिकेला वही ठेवायला काय शिकवू.

नोकरीचा राजीनामा आत्ता लिहू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतरची सुधारणा पहिल्या तीन-चार महिन्यांत जास्त दिसते आणि पुढेही काही महिने चालू राहते. सासूबाई आज जिथे आहेत तिथेच राहतील असं समजून कायमचा निर्णय घेण्याची ही वेळ नव्हे. पगार थांबला तर मावशीचे, फिजिओचे पैसे कुठून येणार, हेही यजमानांसमोर कागदावर मांडा. रजा पंधरा दिवस वाढवून मिळते का ते मुख्याध्यापकांना विचारा, नाही मिळाली तर काही दिवस अर्धी रजा. शाळेत रुजू व्हायच्या आधी तीन-चार दिवस मावशीला तुमच्यासमोर सगळं करू द्या, आणि सकाळच्या कमोडची वेळ तुमच्या एसटीच्या आधी बसते की मावशीच्या हातात द्यावी लागते, ते त्याच दिवसांत बघून घ्या.